आगीवर हुकूम, स्टेशनात मतदान

मेलबर्नच्या पश्चिमेला नव्या वसाहती जिथे संपतात आणि वाळक्या गवताचा माळ सुरू होतो, तिथल्या एका स्वयंसेवी अग्निशमन ब्रिगेडमध्ये मी लेफ्टनंट आहे. पोटापाण्यासाठी एका गोदाम कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर. सोलापुरात राहणाऱ्या माझ्या आईला हे प्रकरण अजून पचलेलं नाही. आपल्याकडे अग्निशमन दल म्हणजे महापालिका, गणवेश, पगार आणि पेन्शन. "आग विझवायची, तीही फुकट? मग तिथलं सरकार करतं काय?" हा तिचा प्रश्न रास्त आहे.

सरकार बंब देतं, पोशाख देतं, प्रशिक्षण देतं. माणसं गावाने द्यायची. १९३९ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राज्यातल्या वणव्यांत ७१ जण गेले. न्यायमूर्ती लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने तेव्हाच्या विस्कळीत कारभारावर बोट ठेवलं. शेवटी १९४५ मध्ये कंट्री फायर ऑथॉरिटी, म्हणजे सीएफए, उभी राहिली. आज तिच्या बाराशेच्या आसपास ब्रिगेड आहेत. २०२० साली पगारी जवान वेगळ्या संस्थेत गेले, तेव्हापासून आगीवर जाणारे सीएफएचे लोक म्हणजे आम्ही स्वयंसेवकच. शिक्षिका, प्लंबर, शेतकरी, नर्स. कामावर शिकलेलं मॅनेजमेंट अशा माणसांत कुठे लागू पडतं आणि कुठे तोंडावर आपटतं, त्याबद्दलचे हे बोल.

१. एका छपराखाली दोन राज्यं

ब्रिगेडचा कॅप्टन निवडून येतो. कॅप्टन, लेफ्टनंट, सेक्रेटरी, खजिनदार, सगळ्यांची दर दोन वर्षांनी निवडणूक. मत देणारे तेच, ज्यांना हा कॅप्टन उद्या धुरात शिरायला सांगणार. माझ्या कंपनीत हाताखालच्या लोकांनी मला निवडून दिलं असतं का, हा विचार मी मुद्दाम टाळते.

आगीवर मात्र मतदान नाही. तिथे एका माणसाला एकच वरिष्ठ. हुकूम त्याच्याकडून येणार, खबर त्यालाच जाणार. आंरी फेयोल या फ्रेंच खाण-इंजिनिअरने १९१६ मध्ये मांडलेलं हे तत्त्व एमबीएच्या पहिल्या सत्रात शिकवतात आणि कंपनीत मॅट्रिक्स रचना आली की सगळे विसरतात. दोन अधिकाऱ्यांनी नळी धरलेल्या एकाच माणसाला दोन दिशा दाखवल्या, तर तो मधोमध उभा राहतो. आणि मधोमध बहुतेक वेळा आगच असते.

गोची होते ती या दोन राज्यांची सरमिसळ झाली की. माझ्यासारखी कंपनीतून आलेली मंडळी स्टेशनात हुकूम सोडतात. मंगळवारपर्यंत सर्वांनी लॉकर रिकामे करावेत, असा मेल. कुणी नाही म्हणत नाही. लॉकर भरलेलेच राहतात आणि दोन महिन्यांनी तीन माणसं सरावाला यायची बंद होतात. उलट टोकाला असतो तो सगळ्यांचा लाडका अधिकारी. गवताला आग लागली असताना तो चौघांना विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" पहिला माणसं गमावतो, दुसरा माणसं धोक्यात घालतो.

आमच्याकडे आता एक साधी हद्द पाळली जाते. टँकरचं दार लागलं की हुकूम सुरू. टँकर धुऊन, टाकी भरून जागेवर उभा राहिला की हुकूम संपला. एक अपवाद आहे. धोका दिसला तर कालच भरती झालेल्या पोरानेही ओरडायचं. त्याला आम्ही मतभेद मानत नाही, माहिती मानतो.

२. संध्याकाळ फुकट घालवू नका

पीटर ड्रकर यांनी १९८९ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लिहिलं होतं की कंपन्यांनी सेवाभावी संस्थांकडून शिकावं. पगाराची दोरी हातात नसल्यामुळेच तिथे उद्दिष्ट स्पष्ट ठेवावं लागतं, माणसाला नीट शिकवावं लागतं आणि कामाचा हिशेबही मागावा लागतो. मी ते नोकरीसाठी वाचलं होतं, उपयोग इथे झाला.

लोक कष्टाला कंटाळून ब्रिगेड सोडत नाहीत. पहाटे तीनला रस्त्याकडेच्या जळत्या मोटारीवर फेस मारून, सातला कामावर जाऊन, ते पुढच्या वर्दीला पुन्हा हजर असतात. सोडतात ते सरावाच्या रात्री साडेसातला बोलावून आठपर्यंत 'आज काय करायचं बरं?' या चर्चेत ताटकळत ठेवल्यावर. आपल्याकडच्या गणेश मंडळासारखंच आहे हे. रात्री दोनला मांडवाच्या बांबूवर चढणारा कार्यकर्ता विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या बैठकीला फिरकत नाही, आणि त्याला आळशी म्हणायची कुणाची छाती नसते.

म्हणून फळ्यावर एक ओळ: 'अंधारात, तीन माणसांत, पंप सुरू करून नोझलपर्यंत पाणी.' साध्य झालं तर उत्तम, नाही झालं तरी साडेनऊला सुट्टी.

३. अडतं कुठे, ते आधी पाहा

कामाच्या दिवशी दुपारी पेजर वाजतो. पाच-सहा जण धावत येतात, पोशाख चढवतात आणि टँकर जागचा हलत नाही. कारण जड वाहनाचा परवाना आणि टँकर चालवायची मान्यता असलेला चालक त्यांच्यात नाही. किंवा चालक आहे, पण क्रू लीडर नाही. मग शेजारच्या ब्रिगेडला वर्दी जाते आणि आमची तयार माणसं दारात उभी राहून त्यांचा सायरन ऐकतात.

यावर ब्रिगेडचं ठरलेलं औषध म्हणजे भरती. पत्रकं वाटा, स्टेशन लोकांना बघायला खुलं करा, पोरांना टँकरवर बसवून फोटो काढा. भरती झाली. दुपारी टँकरभोवती उभ्या राहणाऱ्यांची संख्या वाढली, एवढाच फरक. वर अनुभवी लोकांच्या संध्याकाळी नवख्यांना शिकवण्यात जाऊ लागल्या.

एलियाहू गोल्डरॅट यांची 'द गोल' ही १९८४ सालची कारखान्यावरची कादंबरी गोदामवाल्यांना तोंडपाठ असते. साखळीतला अडलेला टप्पा सोडून बाकी कुठेही जोर लावला तर माल तुंबतो, गती वाढत नाही, हे तिचं सांगणं. आम्ही आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावला: कुठल्या वारी, कुठल्या वेळी, स्टेशनपासून दहा मिनिटांच्या आत कोण असतो आणि त्याला काय चालवता येतं. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते चार, चालकाच्या रकान्यात नुसती भोकं. सकाळी सगळी वसाहत गाड्या काढून शहराकडे जाते, त्याचाच हा परिणाम.

उत्तर तक्त्यातच होतं. शाळेची बस चालवणारा एक अबोल गृहस्थ कित्येक वर्षं आमच्याकडे होता. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्यामधला सगळा वेळ तो घरी असायचा. मोठी बस रोज हाकणाऱ्या या माणसाला रेडिओवर नोंदी घ्यायला बसवलेलं होतं, कारण सुरुवातीला त्याने तेवढंच मागितलं होतं आणि पुढे कुणी विचारलंच नाही. दुसरी एक नर्स, रात्रपाळीवाली, परवाना काढायला तयार झाली. तिची एकच अट होती, झोप लागली असेल तर पेजर ऐकला नाही म्हणून कुणी बोलायचं नाही. मान्य केली.

४. पाचांवर एक

१९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवसांत वणव्यांनी पाच लाख एकरांहून जास्त भाग जाळला आणि १६ माणसं गेली. पंप कमी नव्हते. वेगवेगळ्या खात्यांचे शब्द वेगळे, रेडिओ वेगळे, कुणी कुणाला विचारायचं ते अनिश्चित. त्यातून जी आदेश-पद्धत घडली, तिची ऑस्ट्रेलियन आवृत्ती ऐंशीच्या दशकात इथे आली. तिचा एक नियम असा की एका अधिकाऱ्याच्या हाताखाली साधारण पाचच जण. तो नियम इथे थेट गाड्यांत बसवला आहे. टँकरमध्ये पाच माणसं. दूरच्या मोठ्या वणव्यावर पथक जातं त्यात पाच टँकर आणि त्यांच्या प्रमुखाची एक गाडी. माझ्या कंपनीत एकेका मॅनेजरकडे डझनभर माणसं असतात आणि वर त्यांच्या 'एम्प्लॉयी एंगेजमेंट'ची चिंता.

५. फुकट येतो म्हणून कच्चा चालत नाही

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

२ डिसेंबर १९९८. बॅलरॅटच्या पलीकडे लिंटन नावाच्या छोट्या गावाजवळ रान पेटलं होतं. संध्याकाळी दोन टँकर पाणी भरायला निघाले. वाट आगीच्या बाजूबाजूने, न जळलेल्या झाडीतून जाणारी. तेवढ्यात वारा फिरला. गिलाँग वेस्ट ब्रिगेडच्या टँकरमधले पाचही स्वयंसेवक गेले. दुसऱ्या टँकरमधले वाचले. त्यांच्या टाकीत थोडं पाणी शिल्लक होतं.

वारा फिरतो म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला हवं. इथे उन्हाळ्यात उत्तरेकडून, वाळवंटावरून, भट्टीसारखा वारा येतो आणि आगीला दक्षिणेकडे लांबट पट्ट्यात ओढत नेतो. मग नैर्ऋत्येकडून थंड वारा घुसतो. लोकांना हायसं वाटतं, पारा उतरतो. पण आगीची जी लांबच लांब कूस आतापर्यंत शांत होती, तीच क्षणात तिचं तोंड बनते. १९८३ च्या 'ॲश वेन्सडे'ला हेच झालं, २००९ च्या 'ब्लॅक सॅटर्डे'लाही. त्या एका शनिवारच्या आगींनी १७३ माणसं नेली.

लिंटननंतर आगीवर जाणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकासाठी किमान प्रशिक्षण सक्तीचं झालं. कुरकुर खूप झाली म्हणतात, आणि ती अजून कानावर येते. 'माणूस आपला वेळ देतोय, वर त्याची परीक्षा काय घेता?' हे बोलणं प्रेमळ आहे आणि घातक आहे. सेवाभावी कामात आपण दर्जाचा आग्रह धरायला लाजतो. जणू फुकट देणाऱ्याकडे बोट दाखवणं हा कृतघ्नपणा. मला उलट वाटतं. ज्याला पगार देत नाही, त्याला धडधाकट घरी पोचवणं एवढं एकच देणं आपल्या हातात असतं. त्यात कसूर करून त्याला चहा-बिस्किटं आणि वर्षाअखेरीस प्रशस्तिपत्र देण्यात काय अर्थ?

म्हणून दर उन्हाळ्याआधी, कितीही जुना माणूस असो, टँकरमध्ये बसून आगीने वेढल्याची कवायत करायची. काचा वर, पडदे खाली, अंगावर ब्लँकेट, गाडीवरचे फवारे सुरू. टाकीतलं थोडं पाणी कायम स्वतःसाठी राखायचं, समोर आग कितीही विनवणी करो. आणि कामाला लागण्यापूर्वी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहायचं नाही: वारा केव्हा फिरणार?

आमच्याकडचा एक म्हातारा शेतकरी या कवायतीला 'शाळा' म्हणायचा आणि टाळायचा. त्याला समजावणं सोडून दिलं आणि नव्या लोकांना वाऱ्यावर शिकवायचं काम त्याच्याकडे दिलं. शिकवायचं म्हणजे आधी स्वतः करून दाखवणं आलं. तो आता माझ्याहून कडक आहे.

त्या पाच जणांच्या मृत्यूनंतर ४ मे हा जागतिक अग्निशामक दिन म्हणून पाळला जाऊ लागला. भारतात १४ एप्रिल पाळतात, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ जवानांसाठी. आमच्या स्टेशनच्या कॅलेंडरवर दुसरी तारीख मी लिहिली आहे.

६. मिनिटं मोजावीत, पण जपून

पेजर वाजल्यापासून टँकर निघेपर्यंतची वेळ मोजली जाते, मोजायलाच हवी. पण तो आकडा भिंतीवर नावांसकट लावला की माणसं स्वतःच्या मोटारीतून स्टेशनकडे येताना सिग्नल तोडू लागतात. खासगी गाडीला आम्हाला कुठलीही सवलत नाही, ना दिवा ना भोंगा. आकडा ब्रिगेडचा ठेवा, माणसाचा नको.

७. नव्याला आधी बोलू द्या

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. ते पर्याय शेजारी शेजारी मांडून तुलना करतच नाहीत, असं त्याला दिसलं. प्रसंग ओळखीचा वाटतो, सुचलेला पहिला चालण्याजोगा उपाय ते मनात चालवून पाहतात आणि कामाला लागतात. याचा अर्थ अधिकाऱ्याची खरी शिदोरी म्हणजे पाहिलेल्या आगी. आमच्या वाट्याला पगारी जवानांएवढ्या आगी येत नाहीत. मग एकाने पाहिलेली आग दहांना मिळावी कशी? परत आल्यावर पंधरा मिनिटं बसून. बोलायचा क्रम उलटा: सर्वांत नवा आधी, अधिकारी शेवटी. अधिकाऱ्याने तोंड उघडलं की बाकीच्यांना तेच दिसल्याचं आठवू लागतं, हे मी कंपनीच्या मीटिंगांतही रोज पाहते. तिथे हा क्रम लावायचा प्रयत्न मी केलेला नाही. नोकरी करायची आहे.

८. होळीचा प्रश्न

आमच्या भागात आता निम्मे दरवाजे भारतीय असावेत असं पेजर घेऊन फिरताना वाटतं. मार्चमध्ये होळी येते तेव्हा इथे आगीचा हंगाम संपलेला नसतो. उघड्यावर जाळ करायला निर्बंध असतात आणि 'टोटल फायर बॅन'च्या दिवशी तर बंदीच. शिवाय जाळ छोटा असला तरी ठिणगी माळावर जाते. पूर्वी ब्रिगेडची पत्रकं या घरांत जायची आणि तशीच पडून राहायची. आता आम्ही पत्रक देत नाही, हंगामाआधी मंडळांच्या कार्यक्रमात टँकर नेऊन उभा करतो. पोरं नळी धरतात, आयाबाया विचारतात की मागच्या अंगणात होम केला तर चालेल का, आणि पुरुष विचारतात की गवत पेटलं तर घराची नळी घेऊन छतावर चढावं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी मराठीत, हिंदीत आणि खाणाखुणांनी देते: नाही, चढायचं नाही, आदल्या दिवशी इशारा आला असेल तर सकाळीच पोरं आणि कागदपत्रं घेऊन निघून जायचं. ग्राहकाचं म्हणणं त्याच्या दारात जाऊन ऐकावं, हे मार्केटिंगवाले सांगतातच. आम्हाला ते उशिरा सुचलं.

९. सेक्रेटरीची खुर्ची

कॅप्टन व्हायला दोन-तीन जण उत्सुक असतात. सेक्रेटरी व्हायला कुणीही नसतो. इतिवृत्त, पत्रव्यवहार, अनुदानाचे अर्ज, स्टेशनच्या छताची गळती. हे सगळं एका माणसाच्या गळ्यात घातलं की तो दोन वर्षांत थकतो आणि ब्रिगेडच सोडतो. मागच्या निवडणुकीनंतर आम्ही त्या कामाचे तुकडे केले. इतिवृत्त एक कॉलेजातली मुलगी लिहिते. छत प्लंबरने घेतलं. अनुदानाचे अर्ज एक निवृत्त शिक्षिका भरते. तिला दम्याचा त्रास आहे, ती आगीवर कधीच जाणार नाही आणि तिला कुणी ते विचारतही नाही. गेल्या हिवाळ्यात तिच्याच अर्जावर नवा पंप मिळाला. त्याचं हँडल उजव्या बाजूला आहे, जुन्याचं डाव्या बाजूला होतं, त्यामुळे सध्या दर सरावाला अंधारात निम्मे जण चुकीच्या बाजूला हात घालतात.