वारीतला रात्रीचा मुक्काम

मृगाचा पाऊस येतो. बांध्यांत पऱ्हे टाकले जातात. त्याच सुमारास आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावागावांतून दोन-चार माणसे पंढरीच्या वाटेला लागतात. पुढे रोवणी असते, ती मुलासुनांवर सोपवून ही माणसे महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसतात आणि पुणे गाठतात. तिथून आळंदी. तिथून पुढे पायी.

पहिल्यांदा जाणारा माणूस आम्हाला एकच गोष्ट विचारतो. चालण्याचे तो विचारीत नाही. शेतात राबणाऱ्याला चालण्याचे भय कसले? तो विचारतो, "गुरुजी, येवढ्या गर्दीत निजायचं कुठं जी?"

प्रश्न रास्त आहे. आपल्याला यात्रा माहीत नाही असे नाही. माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. दरेकसा स्टेशनावर गोंड बांधव दूरदूरच्या राज्यांतून येऊन उतरतात. पण ती एका जागची यात्रा. माघात थंडी असली तरी आभाळ कोरडे असते. शेकोटी पेटवावी, घोंगडी पांघरावी, झाडाखाली रात्र निघते. आषाढात तसे होत नाही. वरून पाऊस, खाली चिखल. आणि मुक्काम रोज नवा. आज सासवड, तर पुढे जेजुरी, मग वाल्हे, मग लोणंद. जागा ओळखीची होते न होते तोच ती सोडायची.

ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. बरोबर लाखो माणसे. वाटेवरची काही गावे इतकी लहान, की गावात जेवढी माणसे राहतात त्यांच्या कितीतरी पट एका रात्रीत येऊन उतरतात. अशा ठिकाणी संध्याकाळी पोचून "जागा आहे का?" असे विचारीत हिंडणाऱ्याला जागा कुठून मिळणार?

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. वारीतली रात्रीची जागा संध्याकाळी शोधायची नसते. ती घरून निघण्याआधी ठरवायची असते.

ती ठरते दिंडीमुळे. दिंडी म्हणजे एकत्र चालणारा, एकत्र जेवणारा, एकत्र राहणारा वारकऱ्यांचा मेळा. दिंडीत नाव नोंदवावे लागते. जेवणाखाण्याचा आणि तंबूचा खर्च वाटून घेतात. त्याला भिशी म्हणतात. भिशी भरली, की आपली वळकटी दिंडीच्या ट्रकमध्ये जाते. पहाटे आपण पालखीबरोबर चालू लागतो आणि ट्रक पुढच्या गावी निघून जातो. बहुतेक जुन्या दिंड्यांच्या उतरण्याच्या जागा वर्षानुवर्षे ठरलेल्या आहेत. कुणाची शेताची पट्टी, कुणाची शाळा, कुणाचा वाडा. ट्रकवरची माणसे तिथे राहुट्या ठोकतात, चूल पेटवतात. आपण पोचतो तेव्हा भाकरीचा वास येत असतो.

हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त लावली, ती आजही चालते. पालखीचा रथ मध्ये. काही दिंड्या रथाच्या पुढे, बाकीच्या रथाच्या मागे. पुढच्या दिंड्यांना एकपासून नंबर. मागच्या दिंड्यांनाही पुन्हा एकपासून नंबर.

इथे थोडे थांबा आणि शेवटची दोन वाक्ये पुन्हा वाचा. याच दोन वाक्यांनी आम्हाला एक रात्र जागवले आहे.

२०१८ ची वारी. आम्ही गावची सात माणसे होतो. त्यात एक आजी होत्या. वय पासष्टच्या वर, अक्षरओळख नाही, पण पाय असे, की दिवे घाट आमच्या आधी चढून गेल्या. आमची दिंडी रथामागची. नंबर कोणताही असो, आपण बारा धरू. आम्ही आजींना सांगून ठेवले होते, "चुकलात तर बारा नंबर विचारा." एवढे सांगून आम्ही निर्धास्त झालो.

लोणंदच्या मुक्कामी संध्याकाळी आजी पाणी आणायला म्हणून गेल्या आणि गर्दीत वाट चुकल्या. पाऊस सुरू झाला. त्यांनी शहाणपणा केला. रडल्या नाहीत, एका पोलिसाला विचारले, "बारा नंबर कोणता जी?" त्याने नीट रस्ता दाखवला. तो रस्ता रथापुढच्या बारा नंबरच्या दिंडीचा होता.

तिथे ओळखीचे एकही तोंड नाही. त्या दिंडीतल्या बायांनी त्यांना पिठले-भाकरी वाढली, आत या म्हणाल्या. पण आजी आत जाईनात. आपण पैसे भरले ते हे लोक नव्हेत, कुणाची तरी जागा अडेल, असे त्यांच्या मनात. त्या राहुटीच्या दाराशी बसून राहिल्या. अंगावरचे लुगडे ओले. कोरडे कपडे आमच्या ट्रकमध्ये. रक्तदाबाची गोळीही त्याच गाठोड्यात.

इकडे आम्ही बॅटरी घेऊन मध्यरात्रीपर्यंत हिंडलो. आजींच्या नातवाने त्यांना मोबाईल दिला होता. तो चार्जिंगला लावलेला, राहुटीतच. आणि तशा गर्दीत फोन लागतोच असे नाही.

पहाटे त्या दिंडीच्या वीणेकऱ्याने आजींना विचारले, "माउली, रथापुढची बारा की मागची?" आजी म्हणाल्या, "ते मले कोणी सांगतलंच नाही." त्यावरून त्यांनी ओळखले आणि एक मुलगा बरोबर देऊन आजींना पोचते केले. आजींना दोन दिवस ताप होता. त्या दोन दिवशी त्या ट्रकमध्ये बसून आल्या.

आजींची चूक काय झाली? काही नाही. चूक आमची. छत्तीस वर्षे आम्ही फळ्यावर 'पुढे' आणि 'मागे' लिहून मुलांकडून वाचून घेतले. आणि बरोबरच्या बाईला तो एक शब्द सांगायचे आम्हाला सुचले नाही, की तो चिठ्ठीवर लिहून तिच्याजवळ द्यायचे सुचले नाही.

हरवलेल्यांसाठी वारीत एक चांगली सोय आहे. पालखी तळावर पोचली, की समाजआरती होते. सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करतो आणि एवढा मोठा समुदाय गप्प होतो. हे दृश्य बघण्याजोगे असते. तेव्हा हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, दिंड्यांच्या तक्रारी ऐकतात, आणि मग आरती. पण ही सोय दिवसातून एकदा. आजी आरतीनंतर चुकल्या होत्या.

आता ज्यांना दिंडीत जाणे जमत नाही त्यांचे. पुण्यासारख्या शहरात शाळा, देवळे आणि पुष्कळांची घरेसुद्धा वारकऱ्यांसाठी उघडी असतात. लहान गावांत ओसरी मिळाली तर नशीब. तेव्हा उजेड असेपर्यंतच विचारा. ओढ्याच्या काठाला निजू नका. आणि काही झाले तरी उभ्या ट्रकच्या खाली किंवा चाकापाशी पाठ टेकू नका. पहाटे अंधारात ट्रक हलतात. खाली माणूस आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही.

पंढरपुरात चंद्रभागेपलीकडे पासष्ट एकराचे मोठे मैदान आहे. सरकार तिथे दिंड्यांना तंबूसाठी जागा देते. मठ आणि धर्मशाळाही पुष्कळ आहेत. पण एके काळी त्या सगळ्यांना खुल्या नव्हत्या. चोखोबांचे नाव घेत चालत आलेल्या अस्पृश्य मानलेल्या माणसाला देवळात जाता येत नव्हते, आणि धर्मशाळेत निजताही येत नव्हते. आपल्या विदर्भातल्या, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी हे पाहिले. त्यांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. बाबा कीर्तनात लोकांना सांगत, जेवायचे ताट मोडा पण मुलांना शिकवा. स्वतः मात्र त्यांना शाळा मिळाली नव्हती.

दूर स्पेन देशात सांतियागो नावाचे ख्रिस्ती लोकांचे तीर्थ आहे. तिथेही माणसे शेकडो किलोमीटर पायी जातात. वाटेवर त्यांच्यासाठी धर्मशाळा आहेत आणि पुष्कळ ठिकाणी जो आधी पोचेल त्याला खाट मिळते. पण हातात एक पुस्तिका लागते. मुक्कामोमुक्कामी तिच्यावर शिक्का घेत जायचे. ती दाखवल्याशिवाय यात्रेकरूंच्या खाटेवर जागा नाही. म्हणजे कागदाचा तुकडा तिकडेही लागतोच.

आमच्या आजी त्या वर्षी परत आल्या आणि दिवाळीनंतर वर्गात येऊन बसल्या. 'कमळ' आणि 'घर' त्यांना नको होते. म्हणाल्या, "मले आधी 'मागे' लिहून दाखवा गुरुजी." आम्ही दाखवले. म, काना, ग, मात्रा. पुढच्या वारीला त्यांनी आपली चिठ्ठी आपल्या हाताने लिहिली. अक्षर मोठे आणि वाकडे होते, पण वाचता येत होते. ती अशी:

माझे नाव
माझे गाव, तालुका, जिल्हा गोंदिया
दिंडी : रथामागे, नंबर १२
दिंडीच्या माणसाचा फोन
घरचा फोन
रोजची गोळी : रक्तदाबाची, सकाळी एक

आता तुम्ही पाटीवर ही चिठ्ठी लिहा. नाव, गाव आपले घाला. मग कागदावर दोनदा उतरवा. एक प्रत लुगड्याच्या ओच्यात किंवा बंडीच्या खिशात, दुसरी गाठोड्यात. शाईच्या पेनाने लिहू नका, पावसात अक्षर फुटते. बॉलपेन घ्या आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड दोऱ्याने बांधा.