प्लाझ्मा ६ फुकट आहे, बसवण्याचा खर्च वेगळा

केडीईचा प्लाझ्मा ६ हा लिनक्सवरचा डेस्कटॉप २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आला. कुबुंटू २४.०४ किंवा डेबियन १२ वापरणाऱ्यांना तेव्हापासून एकच खुमखुमी असते: बाकी सिस्टिम आहे तशी ठेवायची आणि डेस्कटॉप तेवढा नवा करायचा. सॉफ्टवेअरला दमडी पडत नाही हे खरे. पण इंटरनेटचा डेटा जातो, वेळ जातो आणि गणित फसलेच तर दुकानदाराचे बिलही भरावे लागते.

अडचण क्यूटी या लायब्ररीत आहे. केडीईच्या खिडक्या, मेनू, बटणे सगळे तिच्याच जोरावर चालते. प्लाझ्मा ६ला निदान क्यूटी ६.६ हवी आणि या दोन्ही सिस्टिमांत आहे ६.४.२. बरे, क्यूटी एकटी बदलता येत नाही. तिच्या आधारावर इतर पॅकेजेस असतात आणि त्यांतली काही नेमक्या त्याच आवृत्तीला बांधलेली असतात. केडीई निऑन उबुंटूच्याच पायावर उभी असली, तरी क्यूटी स्वतःची बांधते. तिचा रेपो, म्हणजे पॅकेजेसचा साठा, कुबुंटूत जोडला की एक धागा ओढताना अख्खी वीण उसवते.

मग टर्मिनलवर ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हे वाक्य येते. ते फक्त घाबरवते. कामाच्या ओळी त्याच्या वर असतात: आधी पॅकेजचे नाव, मग ‘डिपेंड्स’, मग हवी असलेली लायब्ररी आणि तिची आवृत्ती, शेवटी ‘बट ६.४.२ इज टू बी इन्स्टॉल्ड’ असे काहीतरी. त्या लायब्ररीचे नाव देऊन, पॅकेजेस सांभाळणाऱ्या ॲप्टची ‘ॲप्ट पॉलिसी’ ही कमांड चालवा. कोणती आवृत्ती कुठल्या रेपोतून येते, ते लगेच दिसते. बहुतेक वेळा कधीतरी जोडून विसरलेला एखादा पीपीए (बाहेरच्या कोणी उबुंटूसाठी ठेवलेला रेपो) तिथे सापडतो. तसे असेल तर स्वस्तात सुटलात. ‘पीपीए-पर्ज’ तो पीपीए काढते आणि उबुंटूची मूळ पॅकेजेस परत बसवते. निऑनचा रेपो हा पीपीए नव्हे, त्याला हा उतारा चालत नाही. वीज गेल्याने इन्स्टॉल अर्धवट राहिले असेल, तर ‘डीपीकेजी’चे ‘कॉन्फिगर’ आणि मग ॲप्टचे ‘फिक्स-ब्रोकन’, एवढ्यावर बरेचदा भागते.

काय काढले जाणार याची यादी न वाचता ‘वाय’ दाबणे मात्र सगळ्यांत महागात पडते. २०२१ साली यूट्यूबवरचे लायनस सेबास्टियन पॉप ओएसवर स्टीम बसवायला गेले. डिपेंडन्सीतल्या दोषामुळे ॲप्ट डेस्कटॉपच काढायला निघाले होते. त्याने इशाराही दिला, तरी त्यांनी ‘येस, डू ॲज आय से’ टाइप केले आणि डेस्कटॉप गेला. म्हणून कमांडला आधी उणे-एस जोडा. ॲप्ट फक्त रंगीत तालीम करते, काहीही उतरवून घेत नाही. यादीत ‘प्लाझ्मा-डेस्कटॉप’ किंवा ‘एसडीडीएम’ (लॉगिनचा पडदा) दिसले की तिथेच थांबा.

सरळ रस्ता म्हणजे अख्खी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर नेणे. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिच्यात प्लाझ्मा ६.३ आहे. बाहेरचे रेपो बंद करा, बॅकअप घ्या, आधी किमान अपग्रेड आणि मग ‘फुल-अपग्रेड’ करा. डेटा दोन-तीन जीबी सहज लागतो, त्यामुळे मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर बसू नका. नेमका आकडा ॲप्ट सुरुवातीलाच दाखवते. डिस्कवर दहा जीबी मोकळी ठेवा आणि रविवारची सकाळ हाताशी ठेवा.

कुबुंटूवाल्यांची गोष्ट निराळी. प्लाझ्मा ६ कुबुंटूत २४.१० पासून आला, पण मधल्या आवृत्त्यांना आधार फक्त नऊ महिन्यांचा. २४.१० चा तर जुलै २०२५ मध्येच संपला. त्या वाटेने गेलात की दर काही महिन्यांनी हाच डेटा आणि हाच वेळ पुन्हा खर्च करायचा. कुबुंटू २४.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत आधार आहे आणि दीर्घ आधाराची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते.

आता रोख पैसे. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चारशे-पाचशेपर्यंत मिळावा. त्यावर लाइव्ह सिस्टिम टाकून ठेवा, म्हणजे डेस्कटॉप उठला नाही तरी फायली बाहेर काढता येतील. सिस्टिमची प्रत घेणारे टाइमशिफ्ट फुकट आहे, पण त्याच्या पहिल्या स्नॅपशॉटला दहा-पंधरा जीबी जागा लागते. शिवाय ते मूळ सेटिंगमध्ये ‘होम’ फोल्डर घेत नाही. फोटो आणि कागदपत्रांसाठी वेगळी हार्ड डिस्क हवीच. एक टीबीची डिस्क काही हजारांत जाते, मात्र घरात एखादी जुनी पडलेली असली तर तीही चालेल. दुकानात नेलेत तर बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: फॉरमॅट. साधारण पाचशे ते हजार रुपये घेतात, आणि डेटा वाचवण्याचे पैसे वेगळे. मशीन टेबलावर ठेवण्याआधी हे दोन्ही आकडे विचारून घ्या.

माझा कौल असा: डेबियन १२ वर असाल तर १३ वर जा. कुबुंटू २४.०४ वर असाल तर डेस्कटॉप सुटा ओढून आणू नका, पुढच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीवरच उडी मारा. रेपोंची सरमिसळ आधीच झाली असेल आणि एका संध्याकाळात ती सुटली नाही, तर फायली काढून नव्याने इन्स्टॉल करा. तेच स्वस्त पडते.