खेळ सांगणारे हर्षा भोगले
(इयत्ता ४ थी)



क्रिकेटच्या संघात अकराच गडी असतात. बाकीची मुले कडेला बसतात. कोणी धावा मोजतो, कोणी नुसताच ओरडतो. मग वाटते, जो खेळत नाही त्याचे खेळात काय काम? पण खेळ सांगणे हेसुद्धा मोठे काम आहे. हे काम चाळीस वर्षांहून जास्त काळ करणाऱ्या हर्षा भोगले यांची माहिती मी आज देणार आहे.

आपल्या जिल्ह्याने भारताला मोठे खेळाडू दिले. झहीर खान श्रीरामपूरचा. त्याने २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेतले. अजिंक्य रहाणेचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. यांचा खेळ लोकांनी टीव्हीवर पाहिला. तेव्हा चेंडू कसा वळला, फलंदाज का फसला, हे कोणीतरी बोलून सांगत होते ना? त्यालाच समालोचक म्हणतात. घरात टीव्ही नव्हता तेव्हा लोक रेडिओला कान लावून बसत. पुण्याचे बाळ ज. पंडित तेव्हा मराठीतून धावते वर्णन करीत. आजोबांना विचारा, त्यांना हे नाव आठवेल.

हर्षा भोगले यांचा जन्म १९ जुलै १९६१ रोजी हैदराबादला झाला. हैदराबाद महाराष्ट्राबाहेर आहे, पण त्यांचे घर मराठी. वडील फ्रेंच भाषेचे प्राध्यापक आणि आई मानसशास्त्राची प्राध्यापक. ते हैदराबादला क्लबकडून आणि विद्यापीठाकडून क्रिकेट खेळले, पण भारताच्या संघात कधी खेळले नाहीत. त्यांनी रसायन अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि नंतर अहमदाबादच्या मोठ्या व्यवस्थापन संस्थेत शिकले.

खेळाची आवड मात्र त्यांनी सोडली नाही. १९ वर्षांचे असतानाच ते आकाशवाणीवर समालोचन करू लागले. १९९१-९२ मध्ये भारताचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला, तेव्हा तिथल्या रेडिओने त्यांना समालोचनासाठी बोलावले. असे बोलावणे आलेले ते पहिले भारतीय समालोचक. पुढे ते इंग्लंडच्या बीबीसीवरही बोलले. १९९५ पासून ते टीव्हीवर दिसू लागले.

त्यांची कामे तीन. पहिले समालोचन. दुसरे सूत्रसंचालन, म्हणजे सामन्याआधी जाणत्या खेळाडूंना बोलते करायचे आणि सामना संपला की कप्तानाला प्रश्न विचारायचे. हरलेल्या कप्तानालाही नीट विचारावे लागते. त्याचे मन दुखवायचे नाही आणि खरे उत्तरही काढायचे, हे सोपे नाही. तिसरे काम लिहिण्याचे. त्यांनी वर्तमानपत्रांत लेख लिहिले आणि कप्तान महंमद अझरुद्दीन यांचे चरित्र लिहिले.

रेडिओ आणि टीव्ही यांत फरक आहे बरं का! रेडिओवर ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. म्हणून चेंडू कुठे गेला, कोण धावला, सगळे सांगावे लागते. टीव्हीवर ते दिसतेच. तिथे जे दिसत नाही तेवढेच सांगायचे, आणि कधी कधी गप्प बसायचे.

हर्षा भोगले यांना अडचणीही आल्या. २०१६ मध्ये आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर त्यांना समालोचनातून वगळले. कारण आपल्याला कोणी सांगितले नाही, असे ते म्हणाले. पण त्यांनी काम सोडले नाही. पुढे ते परत आले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याला भारत आणि बांगलादेश यांची कसोटी होती. भारतात झालेली ही पहिली दिवस-रात्र कसोटी. तिच्यात चेंडू गुलाबी होता. तो नीट दिसतो का, हे खेळाडूंनाच विचारायला हवे, असे भोगले म्हणाले. त्यावर शेजारी बसलेले माजी कसोटीपटू संजय मांजरेकर म्हणाले, की तुम्हाला विचारावे लागेल, आम्ही खेळलेले आहोत, आम्हाला कळते. भोगले चिडले नाहीत. खेळलो म्हणजे शिकणे संपले असे होत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी शांतपणे दिले. नंतर मांजरेकरांनीही आपले चुकले हे मान्य केले.

मला यातले 'विचारायला हवे' हे फार आवडले. ज्याला माहीत नाही तो विचारतो, आणि विचारतो म्हणून त्याला कळते. वर्गात कोणी प्रश्न विचारला तर आपण हसतो. हसू नये. पालकांनो, तुमचे मूल संघात नसले तरी त्याला मैदानावर जाऊ द्या. ते बघून शिकते. मुलींनाही जाऊ द्या, बोलायला बॅट लागत नाही.

करून पाहा : मित्राला डोळे मिटून बसायला सांगा. समोर चाललेला खो-खो त्याला तीन मिनिटे बोलून दाखवा. मग त्याला विचारा, कोण बाद झाले? कोणी खो दिला? त्याने बरोबर सांगितले, तर तुमचे समालोचन जमले.