दुकानाच्या वेबसाईटला कोणते प्लगइन लावावे?

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथील आपले पुष्कळ व्यापारी व कारखानदार बांधव आता आपल्या मालाची वेबसाईट काढू लागले आहेत. ती बांधून देणारा मुलगा बहुधा वर्डप्रेस वापरतो, कारण ते फुकट मिळते आणि जगातील ४० टक्क्यांच्या आसपास वेबसाईटी त्यावरच चालतात. वर्डप्रेस २००३ साली निघाले आणि २००४ पासून त्याला प्लगइन जोडण्याची सोय झाली. प्लगइन म्हणजे मूळ यंत्राला लावायचा जोड. साध्या मागावर डॉबी चढवली की काठात बारीक नक्षी निघते, जकार्ड चढवले की पदरावर मोर उठतो. खाली माग तोच असतो. वर्डप्रेसचे तसेच आहे.

पण मागावर जकार्ड चढवताना आपण दहा वेळा हिशेब करतो. माल खपेल का, दुरुस्तीला माणूस मिळेल का, मागाचा वेग किती पडेल, हे सारे विचारतो. वेबसाईटच्या बाबतीत मात्र 'लाव भाई, फुकटच आहे' असे म्हणून मोकळे होतो. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात ५० हजारांवर फुकट प्लगइन आहेत. त्यातले वीस-पंचवीस मुलगा लावून देतो, पैसे घेतो व निघून जातो. पुढे दुकान उघडायला गिऱ्हाईकाला अर्धा मिनिट लागते, ते कंटाळून दुसऱ्याकडे जाते, आणि आपण म्हणतो की वेबसाईटने धंदा होत नाही.

कापडाच्या व्यापाऱ्याला वेबसाईटकडून तीन-चारच कामे हवी असतात. माल दिसावा, चौकशी यावी, गुगलवर नाव सापडावे आणि कुणी कुलूप तोडू नये. जो प्लगइन यातले एकही काम करीत नाही, तो कितीही सुंदर असो, लावू नये. फिरणारी चित्रे, पडणारा बर्फ, किती लोक आले ते मोजणारा आकडा, ही सारी त्यातच आली.

यात सर्वात महत्त्वाचे काम चौकशीचे, आणि नेमके तिथेच नुकसान होते. चौकशीच्या फॉर्मसाठी बहुतेक ठिकाणी 'कॉन्टॅक्ट फॉर्म ७' हा जुना व चांगला प्लगइन लावतात. गिऱ्हाईक नाव, फोन, माल लिहून बटण दाबते, 'आपला निरोप मिळाला' असे अक्षर उमटते, आणि निरोप मात्र आपल्याला मिळतच नाही! कारण असे की वर्डप्रेस नेहमीच्या पद्धतीने सर्व्हरवरूनच ईमेल सोडते. स्वस्त होस्टिंगच्या सर्व्हरवरून निघालेल्या अशा ईमेलवर जीमेलसारख्या सेवा विश्वास ठेवीत नाहीत. ती कचऱ्याच्या डब्यात टाकतात किंवा दारातूनच परत करतात. त्यात हा प्लगइन आलेला निरोप स्वतःजवळ जपून ठेवीत नाही. ईमेल गेली की चौकशीही गेली. सणाच्या आधी शंभर ताक्यांची चौकशी अशी हरवली तर ती हरवली हेसुद्धा कळत नाही, ही यातली खरी वाईट गोष्ट.

यावर दोन जोड लावावेत. एक 'डब्ल्यूपी मेल एसएमटीपी' सारखा, जो ईमेल आपल्या खऱ्या खात्यातून, पासवर्डची ओळख पटवून पाठवतो. दुसरा 'फ्लेमिंगो', जो फॉर्मच्याच कर्त्याने बनवला आहे व आलेला प्रत्येक निरोप वेबसाईटच्या आत वहीसारखा टिपून ठेवतो. दोन्ही फुकट मिळतात. माझ्या मते बाकी काहीच लावले नाही तरी चालेल, पण हे दोन हवेत. आणि व्हॉट्सअॅपचे बटण हवे असेल तर त्याला प्लगइनची गरजच नाही. 'डब्ल्यूए डॉट एमई' या पत्त्यापुढे ९१ व आपला नंबर लिहिलेला साधा दुवा पुरतो.

असे आणखीही काही आहे की जे पूर्वी प्लगइनने करावे लागे व आता वर्डप्रेस स्वतःच करते. गुगलला पानांची यादी देणारा साइटमॅप आणि नजरेत येईल तेव्हाच चित्र उतरवण्याची युक्ती ऑगस्ट २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून आत आली आहे. मोबाईलने काढलेला अवाढव्य फोटो आपोआप लहान करणे २०१९ च्या ५.३ पासून आले. तरीही जुन्या सवयीने लोक या कामांचे प्लगइन लावतात. साडीचा फोटो चढवण्याआधीच रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करून घ्यावी, म्हणजे कुठलाही जोड न लावता पान हलके राहते.

आता पारख कशी करावी? ताका घेताना आपण सूत पाहतो, पिक मोजतो, पन्हा मापतो. भांडारातील प्रत्येक प्लगइनच्या पानावरही तशीच चिठ्ठी असते. शेवटची सुधारणा केव्हा झाली, किती वेबसाईटींवर चालू आहे, वर्डप्रेसच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत तपासला आहे, हे तिथे लिहिलेले असते. दोन वर्षे ज्याला कर्त्याने हात लावला नाही तो घेऊ नये. तारांकित शेरे पाहण्यापेक्षा मदतीच्या विभागात शिरून, लोकांच्या तक्रारींना कर्ता उत्तर देतो की नाही हे पाहावे. त्यावरून माणूस कळतो.

मोठा आकडा पाहून मात्र भुलू नये. 'डिस्प्ले विजेट्स' नावाचा प्लगइन सुमारे दोन लाख वेबसाईटींवर होता. मूळ कर्त्याने तो विकला आणि नव्या मालकाने सुधारणेच्या नावाखाली त्यात चोरवाट घातली. सप्टेंबर २०१७ मध्ये तो भांडारातून कायमचा काढण्यात आला. सप्टेंबर २०२० मध्ये सात लाखांवर ठिकाणी चालणाऱ्या 'डब्ल्यूपी फाइल मॅनेजर' मध्ये असे छिद्र सापडले की बाहेरचा माणूस पासवर्डशिवाय आपली फाइल आत टाकू शके. दुरुस्त आवृत्ती तातडीने आली, परंतु ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्यावर हल्ले चालूच राहिले. दुकानाच्या फोटोंसाठी फाइल मॅनेजर हवाच कशाला, हा माझा प्रश्न आहे. होस्टिंगवाला ती सोय देतोच.

सुधारणा आपोआप होऊ देण्याची खूण २०२० पासून प्रत्येक प्लगइनच्या ओळीत असते. लहान प्लगइनांना ती लावून ठेवावी. विक्री ज्यावर चालते त्याची सुधारणा मात्र आधी बॅकअप घेऊन, दुपारच्या निवांत वेळी हाताने करावी.

बॅकअपबद्दल एकच सांगतो. 'अपड्राफ्टप्लस' सारखा प्लगइन सारी वेबसाईट बांधून गुगल ड्राइव्हवर पाठवतो, तेही फुकट. पण पुष्कळ जण बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवतात. दुकानाला आग लागली तर त्याच दुकानात ठेवलेली वहीही जळते.

पैशाचे प्लगइन चोरून घेण्याची पद्धत बाजारात फार बोकाळली आहे. मुलगा म्हणतो, 'आठ हजारांचा प्रो प्लगइन मी फुकट लावून देतो.' परवान्याचा वाद क्षणभर बाजूला ठेवू. ही 'नल्ड' प्रत कुणीतरी उघडून, आत आपले काहीतरी घालून परत शिवलेली असू शकते. २०१९ साली वर्डफेन्सच्या तज्ज्ञांनी 'डब्ल्यूपी-व्हीसीडी' नावाच्या विषाणूचा माग काढला, तेव्हा तो अशाच चोरट्या प्रतींतून पसरत असल्याचे आढळले. म्हणजे मालकच तो आपल्या हाताने घरात आणत होते. एकदा गुगलने वेबसाईट धोकादायक ठरवली की गिऱ्हाईकासमोर लाल पाटी येते, आणि बाजारात पत गेलेला व्यापारी आणि ती वेबसाईट यांत फरक राहत नाही.

'वूकॉमर्स' लावावे की नाही, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. २०११ पासून मिळणारा हा विक्रीचा प्लगइन किरकोळ दुकानासाठी उत्तम आहे. घरी पार्सल जाणारा दुपट्टा, अत्तर, चप्पल विकणाऱ्याने जरूर लावावे. माल पोहोचल्यावर रोख आणि बँक ट्रान्सफर यांची सोय त्यात मुळातच असते. ऑनलाइन पेमेंटची कंपनी जोडताना ती व्यवहारामागे किती टक्के कापते ते आधी लिहून घ्यावे. ठोक व्यापाऱ्याला मात्र याची गरज नाही. आपला भाव ताक्यांच्या संख्येवर, उधारीच्या दिवसांवर व समोरच्या पार्टीवर ठरतो. तो टोपलीत मावत नाही. त्याने मालाची चित्रे, पन्हा व चौकशीचा फॉर्म ठेवला की काम झाले. वूकॉमर्सचे वजन उगाच का वाहायचे?

भाषेसाठी 'पॉलिलँग' ने मराठी, हिंदी, उर्दू पाने वेगळी ठेवता येतात. उर्दूसाठी वर्डप्रेस पानाची मांडणी स्वतःच उजवीकडून करते. मी उर्दू शाळेत शिकलेला, मला उर्दू पान असावेसे वाटणारच. पण आपले गिऱ्हाईक काय वाचते ते पाहावे. आपोआप भाषांतर करणारे प्लगइन टाळावेत. उर्दूत कापडाचा 'अर्ज' म्हणजे पन्हा, मराठीत अर्ज कचेरीत द्यायचा असतो. यंत्राला हा फरक कळेलच असे नाही.

शेवटी, जुन्या वेबसाईटची झाडलोट. प्लगइनच्या यादीत बंद केलेली नावे असतील तर ती पुसून टाकावीत. बंद केलेल्या प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच पडून असतात व त्यातल्या छिद्रातून चोर येऊ शकतो. पुसण्याआधी बॅकअप घ्यावा आणि एकेक पुसून दरवेळी वेबसाईट उघडून पाहावी. २०१९ च्या ५.२ आवृत्तीपासून एखादा प्लगइन बिघडला तर वर्डप्रेस मालकाच्या ईमेलवर दुरुस्तीचा दुवा पाठवते. तो ईमेल पत्ता आपला आहे की सोडून गेलेल्या मुलाचा, हे सेटिंग्जमध्ये जाऊन आजच पाहून घ्यावे.