शोधनिबंधांची यादी कशी वाचावी?

आमच्या वार्षिक अहवालात 'प्रकाशित शोधनिबंध' या शीर्षकाखाली एक यादी छापलेली असते. निबंधाचे नाव, लेखकांची नावे, नियतकालिक, वर्ष आणि पृष्ठे इतकाच तिचा मजकूर. ती पाहून काही देणगीदार व विश्वस्त प्रांजळपणे विचारतात, "या निबंधांचा रुग्णाला उपयोग काय? आणि कोणाचे काम मोठे, हे आम्ही कसे ओळखावे?" हा प्रश्न रास्त आहे. संशोधनावर खर्च होणारा प्रत्येक रुपया समाजाने विश्वासाने दिलेला असतो. म्हणून या वर्षी ही यादी वाचण्याची रीत समजावून सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

मोजमापाची साधने

एखाद्या संशोधकाने पुढे आपल्या निबंधात आधीच्या निबंधाचा आधार घेतला, की त्या आधीच्या निबंधाचे एक 'उद्धरण' झाले असे मानतात. अशा उद्धरणांची पद्धतशीर सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडली. त्यांच्याच विचारातून पुढे नियतकालिकाचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. मागील दोन वर्षांत एखाद्या नियतकालिकाने छापलेल्या निबंधांना चालू वर्षी मिळालेली एकूण उद्धरणे, भागिले त्या निबंधांची संख्या, असे त्याचे साधे गणित आहे. हा आकडा नियतकालिकाचा असतो, त्यातील एखाद्या निबंधाचा नव्हे, हे मात्र नीट लक्षात ठेवावे.

व्यक्तीसाठी 'एच-निर्देशांक' वापरतात. तो २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी सुचवला. समजा, एका डॉक्टरांच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ५, ३ आणि ० उद्धरणे मिळाली. त्यांपैकी चार निबंधांना प्रत्येकी किमान चार उद्धरणे आहेत. पाच निबंधांना प्रत्येकी किमान पाच मात्र नाहीत. म्हणून त्यांचा निर्देशांक ४. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० उद्धरणे मिळाली असती, तरी निर्देशांक ४ हाच राहिला असता. साधन सोयीचे आहे. परंतु ते काय टिपते आणि काय गाळते, हे ठाऊक असले पाहिजे.

महाडचे उदाहरण

आकड्यांपलीकडचे मोल कसे जोखावे, याचा वस्तुपाठ आपल्याच महाराष्ट्रात आहे. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७०च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले दगावत होती. विंचवाच्या विषाने शरीरातील चेतातंतू अनावर उत्तेजित होतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचते. डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून प्रत्येक लक्षण टिपले: दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. पुढील धोक्याची सूचना देणाऱ्या या लक्षणांवरील त्यांचा निबंध १९८२ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या नियतकालिकाने छापला.

त्यानंतर त्यांनी रक्तदाबावरील 'प्राझोसिन' हे औषध या रुग्णांस देऊन पाहिले. आकुंचित रक्तवाहिन्या सैल करणारे हे औषध पोटात घेण्याच्या गोळीच्या रूपात मिळत असल्याने खेड्यातील दवाखान्यातही देता येत होते. त्याविषयीचा निबंध १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच आला. पूर्वी तीव्र विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी मोठा हिस्सा दगावत असे. या उपचारानंतर ते प्रमाण सुमारे एक टक्क्यापर्यंत खाली आले.

यापुढील टप्पा आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. जो उपचार आपल्या नावाशी जोडला गेला, त्याहून अधिक चांगले काही आहे का, हे डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी स्वतःच तपासले. ७० रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटास केवळ प्राझोसिन, तर दुसऱ्या गटास प्राझोसिनसह विंचूदंशावरील प्रतिविष दिले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ३५ पैकी ८, तर दुसऱ्या गटात ३५ पैकी ३२ होते. हा निष्कर्ष २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. आपलेच जुने उत्तर अपुरे असल्याचे पुराव्यानिशी दाखवणे, हे खऱ्या संशोधकाचे लक्षण होय. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्कर यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले.

आता उद्धरणांकडे वळू. जगात कर्करोगावर लिहिणारे संशोधक असंख्य आहेत; त्यामुळे त्या विषयातील सामान्य निबंधासही भरपूर उद्धरणे मिळू शकतात. विंचूदंश हा शेतात आणि झोपडीत राहणाऱ्यांचा आजार. त्यावर लिहिणारे थोडेच. म्हणून दोन वेगळ्या विषयांतील आकडे शेजारी ठेवून तुलना करणे अन्यायाचे ठरते.

मोठा आकडा म्हणजे सत्य नव्हे

उलट बाजूही पाहावी. १९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये वेकफिल्ड व सहकाऱ्यांचा अवघ्या १२ मुलांवरील निबंध आला. त्यावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांवरील लस आणि स्वमग्नता यांचा संबंध असल्याची शंका पसरली. निबंधाला उद्धरणे उदंड मिळाली. त्यांपैकी पुष्कळ तो खोडून काढणारी होती. नियतकालिकाने २०१० साली तो मागे घेतला. दरम्यान ब्रिटनमध्ये लसीकरण घटले आणि गोवर पुन्हा डोके वर काढू लागला. नामांकित नियतकालिक आणि मोठा आकडा, दोन्ही असूनही मुलांचे नुकसान झाले.

दुसरा भाग पद्धतींचा. प्रथिने मोजण्याची रीत सांगणारा लॉरी व सहकाऱ्यांचा १९५१ सालचा निबंध जगात सर्वाधिक उद्धृत निबंधांत अग्रस्थानी आहे. प्रयोगशाळांत ती रीत रोज लागे, म्हणून तिचा उल्लेख होत राहिला. अर्थात उद्धरणे निबंधाचा वापर दाखवतात. त्या वापराचे कारण निबंध उघडल्यावरच कळते.

आपण काय विचारावे?

आमच्या किंवा अन्य कोणत्याही रुग्णालयाची यादी हाती आली, तर चार प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला, हा प्रश्न आपल्या भागातील रुग्णांचा आहे काय? दुसरा, निष्कर्ष किती रुग्णांवर आणि कोणत्या रीतीने काढला? तिसरा, इतरांनी तो पडताळला काय आणि पडताळणीत तो टिकला काय? चौथा, या निबंधानंतर एखाद्या वॉर्डातील उपचार बदलला काय? केवळ संख्या वाढवण्यासाठी, शुल्क घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांत दिलेले निबंध या प्रश्नांपुढे टिकत नाहीत.

ज्या रुग्णांनी आपल्या आजाराची माहिती संशोधनासाठी वापरण्यास संमती दिली, त्यांचे आणि त्यांच्या कुटुंबीयांचे ऋण यादीतील प्रत्येक ओळीमागे असते. ते त्या यादीत नावाने येत नाहीत, परंतु तिचे खरे आधारस्तंभ तेच होत. म्हणून आपण आम्हांस हे चार प्रश्न निःसंकोच विचारावेत. त्यांची उत्तरे देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.