जवसाची चटणी आणि पोटातलं बाळ

प्रश्न : सुनेला पाचवा महिना आहे. घरी मासे चालत नाहीत. जेवणात जवसाची चटणी रोज असते. बाळाला ओमेगा-३ पुरेल का? कॅप्सूल द्यावी का?
— एक वाचक, बपेरा (ता. तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : चटणी चालू ठेवावी. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक एएलए हे वनस्पतींतलं ओमेगा-३ असतं. गर्भवतीला ते दिवसाला सुमारे १.४ ग्रॅम लागतं. चमचाभर भाजलेलं, नीट कुटलेलं जवस ती गरज भागवतं. अख्खे दाणे मात्र बरेचसे न पचताच निघून जातात.

अडचण पुढे आहे. बाळाचा मेंदू आणि डोळ्यांचा पडदा घडतो तो डीएचए या दुसऱ्या ओमेगा-३वर, आणि शरीर एएलएपासून डीएचए फारच थोडं बनवतं. तलावांच्या या जिल्ह्यात मासे खाणाऱ्या घरांत ते ताटातून थोडंफार मिळतं. शाकाहारी सुनेसाठी शेवाळापासून काढलेलं डीएचए मिळतं. साधारण मात्रा रोज २०० मिलिग्रॅम.

पण त्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. बेळगावात गर्भवतींना रोज ४०० मिलिग्रॅम शैवाल-डीएचए देऊन पाहिलं, तेव्हा जन्मतः बाळांच्या वजन-उंचीत लक्षणीय फरक दिसला नाही. फायदा दिसतो तो दुसरीकडे. २०१८च्या कॉक्रेन आढाव्यात ७० चाचण्या तपासल्या गेल्या. ओमेगा-३ घेणाऱ्यांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आली होती.

कॉड लिव्हर ऑइल मात्र देऊ नये, त्यातलं जास्तीचं अ जीवनसत्त्व गर्भाला घातक ठरू शकतं. सुनेच्या लोह-फॉलिकच्या गोळ्या चुकवू नयेत. डीएचए सुरू करण्याआधी तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना विचारावं, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आवर्जून.