गाण्यांचे बिऱ्हाड हलवताना



आज आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी फोन आहे आणि त्या फोनमध्ये गाणीही आहेत. ती गाणी तेथे कोठून आली, आणि घरात नवा संगणक आला म्हणजे त्यांचे काय होते, या प्रश्नांचा विचार मात्र आपण सहसा करीत नाही. मीही तो केला नव्हता. गतवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत तसा प्रसंग माझ्यावर आला. त्यातून जे शिकले ते तुमच्यापुढे मांडावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे. मी भाषेची शिक्षिका. यंत्रविद्या हा माझा विषय नव्हे. तथापि जे सांगणार आहे ते स्वतः करून पाहिलेल्या गोष्टींच्या आधारे सांगणार आहे, म्हणून त्याचा तुम्हांला थोडाबहुत उपयोग होईल असा भरवसा वाटतो.

प्रथम तो प्रसंग सांगते. माझी आजी, म्हणजे आईची आई, फोंडा तालुक्यातील आपल्या गावी धालोंच्या मांडावर पुढे होऊन गाणारी. धालो, फुगडी, दळताना म्हणायच्या ओव्या अशी कितीतरी कोंकणी गाणी तिला मुखोद्गत होती. तिला लिहिता येत नसल्यामुळे त्यांतील एकही कागदावर उतरले नव्हते. महाविद्यालयात असताना, २०१० साली, मी एका लहानशा ध्वनिमुद्रकावर तिची दहा गाणी मुद्रित करून घेतली. अकरावे गाणे माझ्या मावसबहिणीने मुद्रित केले होते. ते तिने पेन ड्राइव्हवर आणून दिले. ही अकरा गाणी घरच्या संगणकावरील ‘आयट्यून्स’ या प्रोग्रॅममध्ये मी नोंदवली. पुढे आखातात असलेल्या मामाने आपला वापरलेला आयफोन मला दिला, तेव्हा केबल जोडून ती फोनमध्येही घेतली. २०१६ साली आजी गेली. त्यानंतर तो फोन मी केवळ गाणी ऐकण्यापुरता जपून ठेवला.

गतवर्षी घरी नवा लॅपटॉप आला. जुना संगणक माळ्यावर गेला आणि पुढच्या रविवारी तो भंगारवाल्याला द्यायचे ठरले. नव्या लॅपटॉपवर मी आयट्यून्स बसवले, फोन जोडला आणि गाणी ‘सिंक’ करण्याची खूण केली. तत्क्षणी पडद्यावर एक सूचना आली. शेजारचा, आमच्याच शाळेत दहावीत शिकणारा मुलगा जुना संगणक उतरवायला आला होता, तो जवळच उभा होता. मी पुढचे बटण दाबणार एवढ्यात तो मोठ्याने म्हणाला, “टीचर, रावात! आधी काय लिहिलंय ते तरी वाचा.”

मी वाचले. सूचनेचा आशय असा होता की, हा फोन दुसऱ्या लायब्ररीशी जोडलेला आहे. त्यातील गाणी पुसून त्या जागी या संगणकावरील गाणी भरावयाची काय? या नव्या लॅपटॉपवर तर एकही गाणे नव्हते. वर्गात प्रश्नपत्रिका वाटताना ‘प्रश्न नीट वाचा’ असे दर वर्षी सांगणारी मी. त्या दिवशी एका विद्यार्थ्याने तेच मला सांगितले!

असे का होते, हे आता पाहू. ‘सिंक’ या शब्दाचा अर्थ आपण नकळत ‘देवाणघेवाण’ असा करतो. दोन ठिकाणच्या वस्तू एकत्र होऊन दोहोंकडे सर्व काही येईल, अशी आपली समजूत असते. संगणकावरून फोनमध्ये गाणी भरण्याच्या या पद्धतीत मात्र तसे घडत नाही. येथे संगणकावरील संग्रह हे मुख आणि फोन हा आरसा. मुखावर जे असेल तेच आरशात दिसायचे. आरसा दुसऱ्या मुखासमोर धरला की पहिले मुख त्यात राहत नाही. म्हणूनच एक फोन एका वेळी एकाच संगणकाच्या लायब्ररीतून गाणी घेऊ शकतो.

या रचनेचे मूळ तिच्या इतिहासात आहे. आयट्यून्स हा प्रोग्रॅम ॲपल कंपनीने जानेवारी २००१ मध्ये काढला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ‘आयपॉड’ हे खिशात मावणारे यंत्र आणले. पहिल्या आयपॉडमध्ये ५ गिगाबाइट जागा होती, आणि तीत सुमारे १००० गाणी मावत. संग्रह संगणकावर असावा, त्याची निवड आणि मांडणी तेथेच व्हावी आणि खिशातील यंत्राने ती केवळ बरोबर न्यावी, अशी ती योजना होती. एकाची गाणी यंत्रातून दुसऱ्याच्या संगणकावर सहज उतरू नयेत, हाही तीत हेतू होता. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्यानेही तीच रीत उचलली.

तेव्हा पहिला धडा असा: आधी मूळ संग्रह नव्या संगणकावर न्यावा आणि मगच फोन जोडावा. क्रम उलटला की घात होतो.

संग्रह न्यायचा म्हणजे नेमके काय न्यायचे? विंडोज संगणकावर आपल्या ‘म्युझिक’ या फोल्डरमध्ये ‘आयट्यून्स’ नावाचा फोल्डर असतो. त्यात दोन महत्त्वाच्या गोष्टी असतात. एक, लायब्ररीची फाइल. हिला ग्रंथालयातील नोंदवही समजा. कोणते गाणे कोणाचे, ते कोठे ठेवले आहे, कोणत्या यादीत आहे, हे सर्व तीत लिहिलेले असते. दुसरी, ‘आयट्यून्स मीडिया’ हा फोल्डर. हे पुस्तकांचे कपाट. नोंदवही आणि कपाट दोन्ही बरोबर नेली, तरच नव्या जागी ग्रंथालय पूर्ववत उभे राहते.

यासाठी जागा किती लागेल, याचे गणित सोपे आहे. साधारण दर्जाच्या एमपी-थ्री गाण्यात दर सेकंदाला १२८ किलोबिट एवढी माहिती असते. ८ बिटांचा १ बाइट, म्हणून सेकंदाला १६ किलोबाइट आणि मिनिटाला ९६० किलोबाइट, म्हणजे जवळजवळ १ मेगाबाइट. पाच मिनिटांच्या गाण्याला सुमारे ५ मेगाबाइट लागतात. अशी २००० गाणी असली तरी ती सुमारे १० गिगाबाइटांत मावतात. एक साधा १६ गिगाबाइटचा पेन ड्राइव्ह तेवढ्याला पुरतो.

जुना संगणक आम्ही पुन्हा मेजावर मांडला. तो आयट्यून्सचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि नव्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवला. प्रोग्रॅम उघडताच माझ्या सर्व गाण्यांची यादी जशीच्या तशी दिसू लागली. आता काम झाले असे समजून मी आजीचे पहिले गाणे लावले. आवाज आला नाही. गाण्याच्या नावाशेजारी एक उद्गारचिन्ह उमटले. दुसरे लावले, तिसरे लावले. अकराही गाण्यांची तीच गत.

येथे दुसरा धडा मिळाला. आयट्यून्समध्ये गाणे नोंदवताना त्याची प्रत कपाटात ठेवण्याची खूण आपण केलेली नसेल, तर तो प्रोग्रॅम गाणे आहे त्याच जागी राहू देतो आणि नोंदवहीत केवळ त्याचा पत्ता लिहून ठेवतो. मी ती खूण केली नव्हती. आजीची गाणी जुन्या संगणकाच्या ‘डेस्कटॉप’वरील एका फोल्डरमध्येच राहिली होती. नोंदवही नव्या घरी आली आणि पुस्तके जुन्या घरीच राहिली. उद्गारचिन्हाचा अर्थ एवढाच की, दिलेल्या पत्त्यावर कोणी सापडत नाही.

यावर उपाय प्रोग्रॅममध्येच आहे. जुन्या संगणकावर ‘फाइल’ या मेनूत ‘लायब्ररी’, त्यात ‘ऑर्गनाइझ लायब्ररी’ आणि तेथे ‘कन्सॉलिडेट फाइल्स’ ही खूण करावी. म्हणजे ठिकठिकाणी विखुरलेल्या गाण्यांच्या प्रती तो प्रोग्रॅम कपाटात आणून ठेवतो. घर सोडण्यापूर्वी सारे सामान एका खोलीत गोळा करावे, तसे हे काम आहे. ते बिऱ्हाड हलवण्यापूर्वी करायचे असते. मी ते नंतर केले. जुना संगणक तोपर्यंत भंगारात गेलेला नव्हता, म्हणूनच ते करता आले.

या रीतीने दहा गाणी सापडली. अकरावे सापडेना. ते मी मावसबहिणीच्या पेन ड्राइव्हवरूनच नोंदवले होते आणि तो तिला परत केला होता. तिला विचारले, तेव्हा तो केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लावल्याचे कळले. आता ते गाणे जगात एकाच ठिकाणी उरले होते, आणि ते ठिकाण म्हणजे माझ्या हातातील फोन. आदल्या दिवशी मी जे बटण दाबणार होते, त्याने ते शेवटचे गाणे पुसले गेले असते.

फोनमधील असे गाणे आयट्यून्स संगणकावर परत घेत नाही. दुकानातून विकत घेतलेल्या गाण्यांपुरतीच ती सोय आहे. तेव्हा आम्ही जुनाच मार्ग धरला. दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन असलेली एक केबल आणली. तिचे एक टोक फोनच्या हेडफोनच्या छिद्रात आणि दुसरे संगणकाच्या पाठीमागच्या निळ्या छिद्रात बसवले. बाहेरचा ध्वनी आत घेण्यासाठीच ते असते. संगणकावर ‘ऑडॅसिटी’ हा मोफत मिळणारा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम सुरू केला आणि फोनवर गाणे लावले. सव्वाचार मिनिटांचे गाणे मुद्रित व्हायला सव्वाचार मिनिटेच लागली. तेवढा वेळ आम्ही दोघेही बोललो नाही. शेवटी आजी हसून माझ्या मावसबहिणीला विचारते, “जालें गो?” तेही त्यात आले. प्रतीची प्रत असल्याने आवाज किंचित मंद आहे, परंतु शब्द न् शब्द ऐकू येतो.

मग ते गाणे लायब्ररीत नोंदवले, फाइल्स पुन्हा एकत्र केल्या आणि सारा फोल्डर नव्याने लॅपटॉपवर नेला. फोन जोडला तेव्हा पुसण्याची सूचना आली नाही, कारण फोनच्या दृष्टीने लायब्ररी तीच होती. घर बदलले, पण घरधनी बदलला नव्हता.

तुमच्यावर असा प्रसंग आला तर पुढील क्रम ध्यानात ठेवा.

१. प्रथम आयट्यून्सच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘डिव्हाइसेस’ येथे जाऊन फोन आपोआप सिंक होणार नाही अशी खूण करा. नव्या संगणकावर हे फोन जोडण्यापूर्वीच करा.

२. जुन्या संगणकावर फाइल्स एकत्र करा आणि संपूर्ण आयट्यून्स फोल्डरची प्रत घ्या.

३. ती प्रत नव्या संगणकावर त्याच जागी ठेवा. दुसरीकडे ठेवायची असेल तर ‘शिफ्ट’ ही कळ दाबून धरून आयट्यून्स उघडा, म्हणजे कोणती लायब्ररी उघडायची ते विचारले जाते.

४. निरनिराळ्या काळी नोंदवलेली काही गाणी लावून पाहा. उद्गारचिन्ह दिसले तर तेथेच थांबा.

५. सर्व ठीक असेल तरच फोन जोडा, आणि पुसण्याविषयी सूचना आली तर ‘कॅन्सल’ करा.

६. दुकानातून गाणी घेतली असतील तर जुन्या संगणकाची अधिकृतता काढून टाका, कारण एका खात्यावर पाचच संगणक अधिकृत करता येतात. जुना संगणक मात्र काही आठवडे तसाच राहू द्या.

ॲपलच्या मॅक संगणकांवर २०१९ पासून आयट्यून्सऐवजी ‘म्युझिक’ हा प्रोग्रॅम आहे आणि फोनचे सिंक ‘फाइंडर’मधून होते, तत्त्व तेच आहे. ‘सिंक लायब्ररी’ ही इंटरनेटवरील सोय फोनमध्ये चालू असेल, तर केबलने गाणी भरता येत नाहीत, हेही लक्षात ठेवा. अँड्रॉइड फोनची रीत निराळी आहे. केबल जोडून ‘फाइल ट्रान्स्फर’ निवडले की फोन संगणकावर फोल्डरासारखा दिसतो आणि गाण्यांच्या फाइल्स दोन्ही दिशांनी नेता येतात. तेथे ‘कट’ऐवजी ‘कॉपी’ करावे, एवढे पथ्य पुरे. मासिक वर्गणीच्या ॲपवर उतरवून घेतलेली गाणी मात्र आपली नव्हेत; वर्गणी संपली की ती वाजत नाहीत.

शेवटी एक गोष्ट सांगते. आमच्या फोंडा तालुक्यातील केरी गावच्या थोर गायिका केसरबाई केरकर यांनी गायिलेली एक भैरवी १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर यानांवरून अंतराळात पाठवली. याने दोन होती आणि दोहोंवर तीच सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका होती. एवढ्या दूरच्या प्रवासाला निघालेल्या गाण्याचीही एकच प्रत नव्हती!

माझ्या आजीच्या गाण्यांच्या आता तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक पेन ड्राइव्हवर, आणि एक मावसबहिणीकडे. तुमच्या घरीही एखाद्या जुन्या फोनमध्ये कोणा वडीलधाऱ्यांचा आवाज असेल. या सुट्टीत तो शोधा, त्याची दुसरी प्रत करा, आणि पडद्यावर एखादी सूचना आली तर ती शेवटपर्यंत वाचा.